जैतूची सोबत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. निवेखोलातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ती त्याच्या पणजीनं सांगितली, आणि पणजीनंही ती कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलीच होती. तेव्हा घाटाला गाडीरस्ता नव्हता. खाडीवरचं मीठ बैलांच्या पाठीवरून वर जायचं, आणि उतरताना तेच बैल घाटावरचे जोंधळे घेऊन यायचे.

त्या बैलांबरोबर निवेखोलची भागिर्थी आणि तिचा नवरा घाट चढत-उतरत असत. एकदा पाऊस सरत आला असताना ती दोघं परत येत होती. वाटेत एक लहानशी वाडी लागली. दर खेपेला तिथं पाणी प्यायला थांबायचं, पण त्या दिवशी बैलच पाऊल पुढं टाकीनात. वाडीत कुठं धूर नव्हता. कुत्रं भुंकत नव्हतं. दारं सताड उघडी होती आणि आतून कुणी डोकावत नव्हतं. जरीमरीची साथ येऊन गेली होती.

नवरा म्हणाला, "मागं बघू नको. चल."

पण भागिर्थीला कुणीतरी बोलताना ऐकू आलं. बारीक आवाज, थांबत थांबत येणारा. ती आवाजाच्या मागं एका घराच्या परसात गेली. तिथं काकडीच्या मांडवाखाली एक लहान पोर बसली होती. मागं घराचं दार उघडं होतं. आत काय होतं ते भागिर्थीनं पाहिलं, आणि पुढं जन्मभर कुणाला सांगितलं नाही. पोरीच्या भोवती काकडीची देठं पडली होती. त्या वेलानंच तिला जगवलं होतं.

"कुणाशी बोलतेस गो बाय?"

"हिच्याशी," पोरीनं वेलाकडं बोट केलं. "ही एकटी भिते."

भागिर्थीनं तिला कडेवर घेतलं. पोरीनं वेलाचं टोक सोडलं नाही, म्हणून ते तोडून बरोबर आणावं लागलं. तिचं नाव जैतू.

जैतू निवेखोलात वाढली. पण तिची भीती काही गेली नाही. वाऱ्यानं कवाड हललं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. विहिरीवर एकटी जायची नाही, गोठ्यात एकटी शिरायची नाही. भागिर्थी जाईल तिथं तिच्या लुगड्याचा काठ धरून मागून चालायची. गावातल्या बाया हसायच्या. भित्री जैतू, असंच तिला नाव पडलं. मोठी झाली तरी तिला कुणी मागणी घातली नाही. मेलेल्या गावची मुलगी घरात कोण घेणार?

तिचा जीव रमायचा तो फक्त परसात. पावसाळी काकडी, जिला आपण तवसं म्हणतो, तिचा वेल जैतूच्या हाताला असा यायचा की मांडव वाकायचा. पण तिची लावायची तऱ्हा वेगळी. गावात प्रत्येक घरी काकडीचा मांडव म्हणजे काकडीचाच. खालची जमीन झाडून सारवल्यासारखी स्वच्छ. जैतूच्या मांडवाखाली मात्र रान माजल्यासारखं असायचं. वेलाच्या कडेनं मका उभा. मक्याच्या पायाशी चवळी. मधे मधे मुळा आणि शेपू. आणि या सगळ्याला चहूकडून गोंड्याच्या, म्हणजे झेंडूच्या, रोपांचं कुंपण.

शेजारची तानी एकदा म्हणाली, "अगो, काकडीला श्वास तरी घेऊ दे. कशाला एवढी दाटी?"

जैतू म्हणाली, "एकटीला ठेवलं तर ती भिते. मका तिचा भाऊस. हात धरायला मिळतो. चवळी पायाशी बसते, तिच्यासाठी माती राखते. गोंडे दारात उभे राहतात."

"आणि शेपू?"

"शेपूचा वास सुटला की बाहेरच्याला कळतच नाय, आत कोण बसलंय."

तानी हसली आणि घरी जाऊन तिनं ते सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले.

पुढं भागिर्थीचा नवरा गेला. मग भागिर्थीही गेली. त्या दिवसापासून जैतूचं घर रिकामं झालं. दिवेलागणीला ती शेजारच्या दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आजच्या पुरतं सोबतीला या ना कुणीतरी." सुरुवातीला बाया गेल्या. आज ही, उद्या ती. मग कंटाळल्या. कुणाचं पोर रडायचं, कुणाची गाय विणार असायची, कुणाचा नवरा रागवायचा. तानी तर दिवा लावायच्या आधीच कवाड लोटून घ्यायला लागली. जैतू दाराशी थोडा वेळ थांबायची आणि परत जायची. मग परसातून तिच्या बोलण्याचा आवाज यायचा. वेलांशी बोलत बसायची. त्या वर्षी तिनं गोंड्याची दुहेरी ओळ लावली.

आणि त्याच वर्षी तो पावसाळा आला.

पाऊस लागला तो थांबेचना. भाताची रोपं खाचरातच कुजली. पुन्हा पेरली, पुन्हा कुजली. श्रावण लागेपर्यंत कणग्यांचा तळ दिसायला लागला. निवेखोलाची माणसं परसातल्या वेलांवर जगू लागली. तवसं किसून, शिजवून, त्याच्या बिया भाजून. आणि आभाळाकडं बघून सगळे एकच मागणं मागायचे, की देवा, ऊन पाड.

एक दिवस नदीच्या वरच्या अंगाच्या गावातून एक माणूस बायकोला घेऊन आला. त्याच्या डोक्यावर एवढंसं गाठोडं होतं. गावचा कारभार बघणारा गावकार होता बाळकोजी, त्यानं त्याला पडवीत बसवलं आणि विचारलं, "गाव सोडून कुठं निघालास?"

तो म्हणाला, "गावात काय उरलं नाय बाबा. ऊन पडलं."

"ऊन पडलं? मग चांगलंच की!"

त्या माणसानं मान हलवली. "उन्हाबरोबर ती येतात. तांबडी. पावसात कुठं दडून बसतात ठाऊक नाय. ढग फाकले की उठतात. आधी आवाज येतो, कुणी कोरडा पाला मुठीत चुरगळावा तसा. मग वेल तांबडा होतो. मग वेल नसतो." गाठोडं जवळ ओढत तो म्हणाला, "मागं जी काकडी राहते ती खाऊ नका. आमच्या पोरानं खाल्ली."

पोर कुठं आहे, असं कुणी विचारलं नाही. ती दोघं पाणी प्यायली आणि खाडीच्या वाटेनं निघून गेली.

त्यानंतर निवेखोलात कुणी ऊन मागितलं नाही. पाऊस पडत होता तोवर माणसं घरात बसायची आणि कौलांवरचा आवाज ऐकत राहायची. तो जरा मंदावला की काळजाचं पाणी व्हायचं. बाया देवापुढं हात जोडून म्हणायच्या, ढग हलवू नको.

पण ढग हलले. एका सकाळी पूर्वेला फट पडली आणि कोवळं, पिवळंधमक ऊन गावावर उतरलं. इतक्या दिवसांनी ऊन आलं आणि एकही माणूस अंगणात आलं नाही. सगळे दाराआड उभे. पानांवरचं पाणी चमकत होतं. मग डोंगराच्या बाजूनं तो आवाज आला.

तांबड्या पाठीचे ते किडे भाताच्या दाण्याएवढे होते, पण त्यांना गणती नव्हती. मांडवावर बसले की मांडव रक्तात बुडवल्यासारखा दिसायचा. लोकांनी राख उधळली. धूर केला. सूप वाजवलं. हातानं खरडून काढले तर हाताला चिकटले. ऊन होतं तोवर ते खात राहिले. पाऊस आला तसे निघून गेले, आणि मागं राहिले वेलांचे दोर आणि त्यांना लटकलेली तवसी.

भूक वाईट. त्या माणसानं सांगितलं होतं तरी लोकांनी ती तवसी खाल्ली. ती कडू जहर झाली होती. लखू म्हाताऱ्यानं थुंकायला नको म्हणून गिळली, आणि सकाळ बघितली नाही. तानीचा पोरगा ओकून ओकून पांढराफटक पडला. गावकाराची सून उठू शकेना. घराघरातून कण्हण्याचा आवाज येत होता.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, "जैतूचा मांडव हिरवा आहे."

खरंच हिरवा होता. एकाही पानाला छिद्र नव्हतं. तवसी लोंबत होती. सगळं गाव जळाल्यासारखं आणि मधे तेवढंच एक परस भरलेलं. ते बघून लोकांना आनंद नाही झाला. भीती वाटली.

"ही मेलेल्या गावातून आली होती," एकजण म्हणाला.

"सगळे मेले आणि ही एकटी जगली."

"तेव्हाही मांडवाखालीच बसली होती ना?"

भ्यालेल्या माणसाला बोलायला कुणीतरी लागतं आणि मारायलाही कुणीतरी लागतं. कोयते निघाले. पुढं बाळकोजी गावकार आणि त्याच्या शेजारी तानी. जैतू कवाडापाशी आली. तिला कापरं भरलं होतं. एवढी माणसं आपल्या दारात आपणहून आलेली तिनं किती दिवसांनी पाहिली होती.

तानी ओरडली, "माझा पोर मरतोय. काय केलंस तू? खरं सांग!"

"मी काय नाय केलं गो तानीवयनी," जैतू म्हणाली. "मला पण भ्या वाटतं. आवाज आला तेव्हा मी तिथं खाली दडून होते. ती माझ्या डोक्यावर फिरत होती. फिरली, फिरली आणि गेली. त्यांना काकडी सापडलीच नाय."

"सापडली नाय म्हणजे?" गावकार म्हणाला.

"बाबा, ती वासानं येतात. एकट्या वेलाचा वास लांबून येतो. माझी सोबतीत बसलीय. गोंड्याचा वास, शेपूचा वास, मुळ्याचा वास. त्यात तिचा कुठचा ते कळत नाय त्यांना."

बाळकोजीनं कोयता खाली केला आणि वाकून आत पाहिलं. आत हिरवा अंधार होता. मक्याच्या पानांत कोळ्यांनी जाळी विणली होती आणि त्या जाळ्यांत वाट चुकलेले तांबडे किडे अडकून वाळले होते. चवळीवर पाठीला ठिपके असलेले बारके किडे फिरत होते आणि पानांखालची मावा-कीड खात होते. चिमण्या आत-बाहेर करत होत्या. काकडी मधे निवांत होती. बाळकोजी सरळ झाला. मग म्हणाला, "आमचे वेल तर गेले."

"बुडख्याशी बघा. कोंब असतील," जैतू म्हणाली. "वेल लवकर मरत नाय. पण पुन्हा ऊन पडायच्या आत त्यांना सोबत द्यायला हवी."

"कुठनं आणायची?"

जैतूनं मागं वळून आपल्या परसाकडं पाहिलं. मग खाली बसून तिनं हातानं पहिलं गोंड्याचं रोप मातीच्या गड्ड्यासकट उपटलं आणि तानीच्या ओच्यात घातलं.

त्या दिवशी पावसात सगळं गाव तिच्या परसात राबलं. गोंडे निघाले, शेपू निघाला, मुळे निघाले. मका आणि चवळी उपटून लावता येत नाही, म्हणून ती कापली आणि कोंबांभोवती आडोशाला रोवली. तवसी आजाऱ्यांच्या घरी गेली, भूक शमवायला. जैतू प्रत्येकाच्या हातात रोप देताना सांगत होती, हे इकडं लावा, हे कुडाशी लावा. आणि प्रत्येकाला विचारत होती, "ऊन पडलं तर याल ना कुणीतरी माझ्याकडं? मी एकटी असेन."

"येतो ना," बाळकोजी म्हणाला.

"येते गो, मी येते," तानी म्हणाली. "शेजारीच तर आहे."

संध्याकाळपर्यंत प्रत्येक परसात काकडीभोवती दाटी झाली. आणि जैतूच्या परसात उघड्या जमिनीवर एकटा वेल राहिला.

दुसऱ्या सकाळी ऊन पडलं.

प्रत्येकजण आपल्या मांडवापाशी उभा होता. हातात सूप, डोळे आभाळाकडं. आपला कोंब वाचेल का, एवढंच सगळ्यांच्या मनात. आवाज आला. तांबडा ढग डोंगरावरून उतरला आणि पहिल्या परसावर घिरट्या घालू लागला. थांबला नाही. दुसऱ्यावर गेला, तिथंही थांबला नाही. गावभर तो असा हुंगत फिरला, आंधळ्यानं भिंत चाचपावी तसा. मग सगळा ढग एकाच दिशेला वळला. गावात आता एकाच एकट्या वेलाचा वास उरला होता.

असं म्हणतात, की तेव्हा सगळ्यांना कळलं. आणि कळूनही कुणाचा पाय हलला नाही.

जैतूचा आवाज येत होता. ती वेलाशी बोलत होती, नेहमीसारखी. "भिऊ नको. मी आहे ना. तुला सोबत आहे." शब्द न् शब्द ऐकू येत होता. मग पाला चुरगळण्याचा आवाज वाढत गेला आणि तिचा आवाज त्याच्याखाली दबत गेला. पण थांबला नाही.

अखेर तानी धावली. कवाडापर्यंत पोचली आणि तिथंच खिळली. मांडवाखाली माणसाच्या उंचीचं काहीतरी तांबडं उभं होतं. त्याचे दोन हात वेलाभोवती होते. ते तांबडं सारखं हलत होतं, पण आतलं माणूस हलत नव्हतं. तानीनं कवाडाला हात लावला. जैतूऽ, अशी हाक मारायला तोंड उघडलं. हाक आलीच नाही. त्या तांबड्यातून अजून बोलण्याचा आवाज येत होता.

मग आभाळ फुटलं. असा पाऊस तोवर कुणी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. हातभर अंतरावरचं दिसेना. तानी कुडाला धरून बसून राहिली.

पाऊस ओसरला तेव्हा परसात जैतू नव्हती. किडेही नव्हते. डोंगराकडून येणाऱ्या ओहळाचं पाणी तांबडं वाहत होतं आणि ते वाहत वाहत खाडीला गेलं. मांडवाखाली चिखलात दोन पावलांचे खोल खड्डे होते, एकमेकांना लागून, पाण्यानं भरलेले. गावानं तिला ओहळात शोधलं, रानात शोधलं, खाडीपर्यंत शोधलं. लुगड्याची चिंधीसुद्धा मिळाली नाही. काही म्हणतात, पाण्यानं नेली. काही म्हणतात, तिला ठाऊक होतं की सगळं तिच्याकडंच येणार, आणि म्हणूनच तिनं शेवटचा गोंडाही ठेवला नाही. तानी एवढंच म्हणायची, "ती सांगून सांगून बोलावत होती. आम्ही येतो म्हणालो होतो."

गावातले कोंब तरले. भाद्रपदात वेल पुन्हा मांडवावर चढले. तानीचा पोर वाचला. तांबडे किडे त्यानंतरही आले, अजूनही येतात, पण तसे कधी आले नाहीत.

आज तुम्ही निवेखोलात गेलात तर काकडी एकटी लावलेली कुठं दिसणार नाही. मका, चवळी, मुळा, शेपू आणि गोंडा, सगळं एका दिवशी पेरतात आणि पेरताना प्रत्येक बियाणं जैतूचं नाव घेऊन मातीत घालतात. गावात कुणी एकटं राहिलं, बाळंतीण असो, म्हातारं असो, की नुकतंच कुणाचं माणूस गेलेलं असो, तर दिवेलागणीला शेजारी न बोलावता चटई घेऊन येतात. तिथं सोबतीला जायला नाही म्हणणाऱ्याच्या हातचं पाणी गाव पीत नाही.

आणि जैतूचं परस तसंच आहे. तिथं काही लावत नाहीत. मांडव मात्र दरसाल नवा घालतात, रिकामा. श्रावणात पाऊस उघडला आणि ऊन पडलं, की ज्याचं घर जवळ असेल तो हातातलं काम टाकून तिथं जातो आणि मांडवाखाली बसतो. म्हातारी माणसं जातात, नव्या सुना जातात, शाळेतली पोरंही जातात. एका गोकुळाष्टमीला सगळं गाव दहीकाल्यात होतं, ऊन पडलं आणि कुणाच्या लक्षात राहिलं नाही. त्या वर्षी गावातलं एकूण एक तवसं देठापासून टोकापर्यंत कडू निघालं. तेव्हापासून कुणी विसरलेलं नाही.

तिथं जाऊन पूजा करायची नसते, नारळ फोडायचा नसतो. नुसतं बोलायचं असतं. गावात काय चाललंय ते सांगायचं. कुणाला मुलगी झाली, कुणाची गाय आटली, कुणाची मुलगी सासरहून आली. ऊन जाईपर्यंत बोलत राहायचं. नव्यानं जाणाऱ्याला आधी बजावून सांगतात, की काही सुचलं नाही तर पाढे म्हण, पण गप्प बसू नको. तू गप्प बसलास, की तिथं दुसरं कुणीतरी बोलायला लागतं, असं म्हणतात.